बाबांचा सीआरपी किती आला?

पार्किन्सन्सचं निदान झालं की घरात पहिले काही दिवस गोळ्यांबद्दल बोलणं होतं. कोणती गोळी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. मग कुणीतरी खरा प्रश्न विचारतं: हे किती वेगाने वाढणार? पाच वर्षांनी बाबा एकटे बँकेत जाऊ शकतील का? आईला मदतीला कायमचं माणूस ठेवावं लागेल का? आणि आपण परदेशात असलो तर आणखी एक प्रश्न, जो आपण मोठ्याने विचारत नाही: आपण परत जायचं का, आणि कधी?

न्यूरोलॉजिस्ट यावर बहुतेक वेळा म्हणतात, "प्रत्येकाचं वेगळं असतं." हे खरं आहे, पण त्यावर घरचं नियोजन करता येत नाही. म्हणून आपण रात्री शोधायला बसतो, आणि शोधलं की एक वाक्य हमखास सापडतं: ज्यांच्या रक्तात इन्फ्लमेशनचे मार्कर जास्त, त्यांचा पार्किन्सन्स लवकर वाढतो. पुण्या-मुंबईत सीआरपीसाठी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी रिपोर्ट फोनवर येतो. फॅमिली ग्रुपवर आकडा पडतो. लॅबच्या मर्यादेपेक्षा तो जरा जास्त असला की तीन देशांतली चार माणसं त्या रात्री झोपत नाहीत.

हा लेख म्हणजे त्या एका वाक्याची समीक्षा आहे. ते वाक्य खोटं नाही. त्याच्यामागे अनेक वर्षांचं चांगलं काम आहे. पण त्या कामाने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो प्रश्न वेगळा होता, आणि आपण विचारतो तो वेगळा. या दोन प्रश्नांमधलं अंतर पेपर लिहिणारे एका ओळीत उरकतात, बातमी देणारे ती ओळही गाळतात, आणि त्याचा भुर्दंड शेवटी घरच्यांना पडतो.

दाहाचा संशय आला कुठून

इन्फ्लमेशन म्हणजे दाह. जखम झाली, जंतू शिरले की शरीराची संरक्षण यंत्रणा जे काही करते ते. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' या भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात. १९८८ मध्ये पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत याच भागात चिडलेल्या मायक्रोग्लिया पेशी दाखवल्या. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले पहारेकरी. पहारेकरी जागे होते एवढं कळलं. पण चोर आधी आला की पहारेकऱ्यांनीच घर मोडलं, हे त्या चित्रावरून सांगता येत नव्हतं.

नंतर पुरावे वाढत गेले. २०१० मध्ये पार्किन्सन्सच्या धोक्याचा संबंध एचएलए या जनुकीय भागाशी दिसला, आणि एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीचं मुख्य कार्यालयच. एलआरआरके२ हे जनुक पार्किन्सन्समध्ये महत्त्वाचं आहे आणि आतड्याच्या क्रोन्स आजारातही. २०१७ मध्ये डेव्हिड सुल्झर यांच्या गटाने दाखवलं की काही रुग्णांच्या टी-पेशी अल्फा-सिन्युक्लिन या प्रोटीनचे तुकडे ओळखतात. हेच प्रोटीन पार्किन्सन्समध्ये पेशींत गोळा होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या विमा नोंदींवरून असं दिसलं, की आतड्याच्या दाहाच्या ज्या रुग्णांना टीएनएफ रोखणारी औषधं मिळाली होती त्यांच्यात पार्किन्सन्सचं प्रमाण ७८ टक्क्यांनी कमी होतं.

थोडक्यात, संशय भक्कम आहे. पार्किन्सन्समध्ये प्रतिकारशक्तीचा काहीतरी हात आहे हे आज कुणी हसून उडवून लावणार नाही. माझी तक्रार इथून पुढच्या पायरीबद्दल आहे.

एक चांगला पेपर, नीट वाचून

समीक्षा करायची तर सगळ्यात कच्च्या पेपरची करू नये. म्हणून मी या विषयातलं एक चांगलं काम घेतो. केंब्रिज आणि न्यूकॅसलच्या आयसिकल-पीडी या अभ्यासातून कॅरोलाइन विल्यम्स-ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हा पेपर प्रसिद्ध केला. नुकतंच निदान झालेले २३० रुग्ण, रक्तातले १० मार्कर, आणि ३६ महिने पाठपुरावा. ज्यांच्या रक्ताचं एकूण चित्र दाहाकडे झुकलेलं होतं, त्यांच्या हालचालींची लक्षणं सरासरीने जास्त वेगाने वाढली.

यात कौतुक करण्यासारखं बरंच आहे. रुग्ण नुकतेच निदान झालेले होते, म्हणजे दहा वर्षांचा आजार आणि औषधं यांचा गोंधळ कमी. रक्त आधी घेतलं आणि बदल नंतर मोजला, म्हणजे क्रम बरोबर. एकाच मार्करवर सगळा भार टाकला नाही. याच वर्षी आलेल्या एका मोठ्या मेटा-अॅनालिसिसमध्ये २५ अभ्यास आणि १५४७ रुग्ण एकत्र केले होते. त्यातही आयएल-६, टीएनएफ, सीआरपी असे बरेच मार्कर रुग्णांमध्ये सरासरीने जास्तच निघाले. पण तिथली तुलना रुग्ण आणि निरोगी माणसं यांची होती. वेगाबद्दल तिथे काही सांगितलेलं नव्हतं.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बाबांना या पेपरमधून काय मिळतं?

पहिलं म्हणजे, पेपरमधलं 'दाहाचं चित्र' अनेक मार्कर गणिताने एकत्र करून बनवलेलं आहे. ते चित्र कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मिळत नाही. तिथे मिळतो एकटा सीआरपी. पूर्ण मिसळीबद्दल लिहिलेलं परीक्षण वाचून आपण नुसता पाव मागवतो.

दुसरं, 'सरासरीने'. या शब्दात सगळी गोम आहे. दहावीला क्लास लावणाऱ्या मुलांचे गुण सरासरीने जास्त असतात असं समजा. म्हणून क्लासच्या फीची पावती बघून शेजारच्या बंड्याला किती टक्के पडतील हे सांगता येईल का? क्लास न लावता नव्वद मिळवणारे असतात, तीन क्लास लावून साठावर थांबणारेही असतात. शिवाय क्लास लावणाऱ्या घरात पैसा असतो, शिकलेले आईवडील असतात. गुण त्यांच्यामुळे आले की क्लासमुळे, हे पावती सांगत नाही. दोन गटांच्या सरासरीत खात्रीशीर फरक असूनही त्यांतली बहुतेक माणसं एकमेकांत मिसळलेली असू शकतात. पेपरमधली पी-व्हॅल्यू फरकाबद्दल बोलते, आणि आपल्याला हवा असतो अंदाज. 'संबंध आहे' आणि 'भाकीत करता येतं' या दोन दाव्यांत फार मोठी दरी आहे, आणि या विषयातले बरेच पेपर शेवटच्या परिच्छेदात ती दरी एका उडीत पार करतात.

तिसरं, वेग मोजायचा कसा? हालचालींसाठी एमडीएस-यूपीडीआरएस नावाची फूटपट्टी वापरतात. तिच्या तिसऱ्या भागात डॉक्टर रुग्णाला बोटं जुळवायला, चालायला, खुर्चीतून उठायला सांगतात आणि ० ते १३२ असे गुण देतात. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. पण लेव्होडोपाची गोळी घेऊन तासाभराने मोजलं आणि गोळी उतरल्यावर मोजलं, तर त्याच माणसाचे त्याच दिवशीचे गुण वेगळे येतात. ज्याला गोळी लवकर वाढवून दिली त्याचा आजार कागदावर सावकाश वाढल्यासारखा दिसतो. ही अडचण या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी गोषवाऱ्यात ती कधी दिसत नाही.

सीआरपीला काय माहीत असतं

सीआरपी १९३० साली सापडला, तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दिसलेलं हे प्रोटीन यकृतात बनतं, मुख्यतः आयएल-६ चा निरोप आला की. निरोप कुठून आला हे यकृत विचारत नाही. हिरड्या सुजल्या, लघवीचा संसर्ग झाला, सर्दी होऊन गेली, पोटाचा घेर वाढला, सगळ्याला त्याचं उत्तर एकच. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो, त्यामुळे सोमवारचा आकडा आणि शुक्रवारचा आकडा यांची एकमेकांशी ओळखही नसते. एका सकाळच्या रक्तावरून पुढच्या तीन वर्षांबद्दल बोलताना एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

आयएल-६ ची गंमत तर आणखी आहे. व्यायाम करताना स्नायूच आयएल-६ रक्तात सोडतात. आता २०१८ चा स्पार्क्स हा अमेरिकन प्रयोग बघा. पार्किन्सन्सच्या १२८ रुग्णांपैकी ज्यांनी सहा महिने ट्रेडमिलवर जोरात व्यायाम केला, त्यांचे हालचालींचे गुण जवळपास जागच्या जागी राहिले, सरासरी ०.३ ने वाढले. नेहमीप्रमाणे राहिलेल्यांचे ३.२ ने वाढले. म्हणजे जी गोष्ट बाबांसाठी चांगली आहे, तीच त्या दिवसापुरता एक 'वाईट' मार्कर वाढवते. (नियमित व्यायामाने बैठकीचा दाह कमी होतो हेही खरं. पण रक्त कधी काढलं हे रिपोर्टवर कोण वाचतं?)

शिवाय बाण उलटाही असू शकतो. आजार पुढे गेलेल्या माणसाला गिळताना ठसका लागतो, फुफ्फुसात संसर्ग होतो, लघवी तुंबते, तोल जाऊन पडणं होतं. या प्रत्येकाने सीआरपी वाढतो. मग सीआरपी वाढला म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून सीआरपी? नुकतंच निदान झालेल्यांवरचे अभ्यास या प्रश्नाला तोंड तरी देतात. जुने-नवे रुग्ण एकत्र करून एकदाच रक्त घेणारे अभ्यास देत नाहीत, आणि तसे अभ्यास ढिगाने आहेत, कारण ते स्वस्त पडतात.

रक्त कुणाचं होतं

ही तक्रार मला सगळ्यात जवळची. हे बहुतेक अभ्यास युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियातले. ब्रिटनच्या यूके बायोबँकेचं उदाहरण घ्या. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाची सुमारे पाच लाख माणसं त्यात आली. भरतीचं एक केंद्र इथे नॉटिंगहॅममध्येही होतं. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी असणं आणि पुढे पार्किन्सन्स होणं यांचा संबंध २०२१ मध्ये याच माहितीतून दाखवला गेला. पण यातली जवळपास ९५ टक्के माणसं गोरी आहेत. नॉटिंगहॅमच्या ट्राममध्ये एक फेरी मारली तरी शहर यापेक्षा रंगीत दिसतं.

"दाह तर सगळ्यांचा सारखाच," असं कुणी म्हणेल. तसं नाही, आणि याचा एक महत्त्वाचा पुरावा पुण्यातून आला आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं, की शहरी भारतीयांच्या रक्तात दाहाचे सायटोकाइन जास्त होते आणि ग्रामीण भारतीयांच्या रक्तात तसे नव्हते. विषय होता मधुमेह आणि हृदयविकार. पार्किन्सन्सचा तिथे उल्लेखही नव्हता. २००१ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या पुरुषांचा सीआरपी गोऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी १७ टक्के जास्त निघाला, आणि त्याचा संबंध पोटावरच्या चरबीशी आणि इन्सुलिनच्या अडथळ्याशी होता.

हे दोन्ही शेजारी ठेवा. कोथरूडमधल्या बाबांचा सीआरपी जरा जास्त आला, तर त्यात पार्किन्सन्स किती, पोट किती, शहर किती? केंब्रिजच्या रुग्णांवरून बनवलेली पट्टी याचं उत्तर देऊ शकत नाही. पट्टी वाईट आहे म्हणून नव्हे. कोथरूडचं माप घ्यायला ती बनवलीच नव्हती. आणि महाराष्ट्रात हे काम होऊ शकत नाही असंही नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये पार्किन्सन्सचे रुग्ण मोजून १९८८ मध्ये दर लाखामागे ३२८ असं प्रमाण प्रसिद्ध झालं होतं, आणि जगभरच्या लेखांत ते अजून उद्धृत होतं. मोजायची परंपरा आपल्याकडे आहे. वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत जाऊन त्यांचं रक्त आणि चाल दोन्ही मोजणारं काम हवं आहे.

तीन प्रश्न, एक शहर

कोणत्याही मार्करकडे तीन वेगळे प्रश्न घेऊन जाता येतं. आजार आहे का? किती वेगाने वाढेल? आणि हा मार्कर खाली आणला तर आजार थांबेल का? एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. मी जिथे राहतो त्या नॉटिंगहॅमने यातल्या दोघांची चांगली उदाहरणं दिली आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उदाहरण: एमआरआय ज्यांच्यामुळे शक्य झाला त्यांतले एक, पीटर मॅन्सफिल्ड, इथलेच. २०१४ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने दाखवलं, की निरोगी माणसाच्या स्कॅनमध्ये सब्स्टॅन्शिया नायग्राचा एक भाग पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दिसतो आणि पार्किन्सन्समध्ये ती शेपटी नाहीशी होते. निदानाला हे फार उपयोगी. पण शेपटी गेली म्हणजे बाबा किती वर्षांनी काठी घेतील, हे ते चित्र सांगत नाही, आणि त्या गटाने तसा दावाही केला नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरी आहे: ब्रुफेन. आयब्युप्रोफेन इथे, बूट्स कंपनीत, स्टुअर्ट अॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी १९६१ च्या सुमारास बनवलं आणि १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये आलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या १,३६,१९७ लोकांच्या पाहणीत दिसलं, की नियमित आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांना पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी होतं. बातमी कशी झाली असेल ते तुम्हीच ओळखा. पण अॅस्पिरिन आणि दाह कमी करणाऱ्या इतर गोळ्या घेणाऱ्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. म्हणजे 'दाह कमी केला की पार्किन्सन्स टळतो' हा साधा हिशोब तिथेच अडखळला. शिवाय तो अभ्यास आजार होण्याबद्दल होता, झालेला आजार वाढण्याबद्दल नव्हता. सत्तरीच्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने रोज ब्रुफेन घेतली तर पोटात रक्तस्राव आणि किडनीला त्रास हे धोके मात्र अगदी खरे आहेत. म्हणून, सीआरपी बघून घरच्या घरी ब्रुफेन सुरू करू नका. हे वाक्य मी मुद्दाम अगदी सरळ लिहितो आहे.

मग हे सगळं वाया का?

नाही. रक्तातल्या दाहाचं संशोधन प्रयोगांना दिशा देतं. केंब्रिजमध्ये अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं औषध सुरुवातीच्या पार्किन्सन्समध्ये वापरून बघण्याचा ६० रुग्णांचा प्रयोग आखला गेला, तो याच विचारातून. औषध रक्तात अपेक्षित परिणाम करतंय का हे बघायला मार्कर लागतातच. तिथे ते कामाच्या जागी आहेत.

पण 'कोण लवकर बिघडेल' या प्रश्नावर एक नजर टाका. २०१६ मध्ये नव्या रुग्णांसाठी भाकिताचं एक गणित प्रसिद्ध झालं आणि दुसऱ्या रुग्णांवर तपासलंही गेलं. त्यात तीन गोष्टी लागतात: वय, चालणं-तोल-बोलणं यांचे गुण, आणि एका मिनिटात रुग्ण किती प्राण्यांची नावं सांगतो. रक्ताचा एक थेंबही लागत नाही. माझ्या मते रक्तातल्या मार्करवरच्या प्रत्येक पेपरने या गणिताशी सामना खेळायला हवा. 'या तिघांच्या वर तुमचा मार्कर आणखी किती सांगतो?' या प्रश्नाचं उत्तर नसेल तर 'प्रोग्नोस्टिक' हा शब्द शीर्षकात घालू नये. वाचक म्हणून आपण एवढं नक्की शोधू शकतो: रक्त किती वेळा घेतलं, निकाल दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर तपासला का, आणि साध्या तपासणीपेक्षा काही जास्त हाती लागलं का.

सीआरपीची मात्र घरी एक खरी वेळ येते. पार्किन्सन्स महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. दोन दिवसांत वाढत नाही. बाबा परवापर्यंत चालत होते आणि आज अचानक उठता येत नाही, भलतंच बोलत आहेत, असं झालं तर ते 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, चुकलेली किंवा नव्याने दिलेली गोळी, यांतलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन करायचा. ते कदाचित सीआरपीच करायला सांगतील, आणि त्या दिवशी तो आकडा सांगेल त्यावर विश्वास ठेवता येईल, कारण त्या प्रश्नासाठीच तो बनला आहे.

बाकीच्या दिवशी फोनवर विचारण्यासारखं बरंच असतं. सकाळची गोळी किती वाजता घेतली? तिचा असर कधी उतरतो, जेवणाआधी की नंतर? रात्री झोपेत हातपाय झाडता का? पोट साफ होतं का? या आठवड्यात पडायला झालं का? फिरायला किती वेळ गेलात? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पीडीएमडीएस आहे. तिथे जाणं होतं का? ही उत्तरं तारीख घालून एका वहीत लिहून ठेवली आणि पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टच्या समोर ठेवली, तर गोळ्यांच्या वेळा बदलता येतात, फिजिओथेरपी सुरू करता येते. किती वेगाने वाढतंय, याचं आज मिळू शकणारं सगळ्यात चांगलं उत्तरही त्याच वहीत हळूहळू तयार होतं.